वृषालीला घरी आणण्याविषयी

धुळे, कार्तिक पौर्णिमा, ५ नोव्हेंबर २०२५

चि. रुपचंद यास,

तुझे मंगल चिंतून लिहायला बसले आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद उचलावा लागत नाही. तो दाराच्या फटीतून आत येतो आणि वाचेपर्यंत पडून राहतो.

शिल्पाने परवा नवऱ्याचा म्हणून तुझा निरोप सांगितला: "अक्कानेच पोरीला डोक्यावर चढवले, आता तिनेच उतरवून आणावे." निरोप कडू होता. परंतु दोन वर्षांत भावाकडून आलेला तो पहिलाच, म्हणून मी गोड मानून घेतला. शिल्पाजवळ जे वचन दिले तेच येथे लिहून देते: माघ पौर्णिमेपर्यंत तुझ्या लेकीला नागपूरला तुझ्या दारात आणून उभी करीन. मी चौथे शील, खोटे न बोलण्याचे, किती कसोशीने पाळते ते तुला ठाऊक आहे. लहानपणी याच कारणाने तू मला कुठल्याही खोडीत सामील करून घेत नसस.

आज सकाळच्या बसने जळगावहून निघाले. धुळ्याच्या स्थानकावर हिलाल नावाचा टेम्पोवाला मला न्यायला आला होता. वृषालीनेच पाठवलेला. धावपट्टीपर्यंतच्या वाटेत त्याने मला वृषालीबरोबरच्या मंडळींचे वर्णन ऐकवले. "अक्का, या पोरेसले येड लागेल शे. दिनभर वर जातस नि खाले पडतस. तुमनी पोरले जेवाले सांगा. वारा खाईसन पोट भरस का?"

मी म्हटले, "मी तिला न्यायलाच आले आहे." त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि टेम्पोचा वेग उगाचच कमी केला.

हिवाळा लागला की गोंदूरच्या धावपट्टीवर पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांचे शिबिर पडते. या जागेला ही मुले ड्रॉपझोन म्हणतात. एक पत्र्याची शेड, शेडमध्ये अंथरलेल्या लांबच लांब ताडपत्र्या, एक छोटे विमान आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी एवढाच संसार आहे. हौशी पाहुणे येतात, स्वतःला प्रशिक्षकाशी बांधून घेऊन उडी मारतात. वृषाली त्यांच्याबरोबर उडी मारते आणि हवेत त्यांच्यासमोर राहून त्यांचे चित्रण करते. तिच्या शिरस्त्राणावर दोन कॅमेरे बसवलेले आहेत. हात मोकळे हवेत, म्हणून छायाचित्राची कळ दातांखाली असते; ती चावली की चित्र निघते. तू तिला पुण्याच्या ज्या नोकरीत पाहिले होतेस तिथे ती दिवसभर पडद्याकडे पाहत असे. येथे ती माणसांच्या तोंडाकडे पाहते.

आज पौर्णिमेचे उपोसथ व्रत असल्याने दुपारनंतर माझा आहार नव्हता. तिने मला न विचारता सकाळी अकरालाच भाकरी आणि वांग्याचे भरीत करून ठेवले होते. तुझ्या लेकीला पौर्णिमा लक्षात होती, हे तुला कळावे म्हणून लिहिते.

उद्या तिच्याशी बोलेन. चार दिवसांत निघू.

तुझी अक्का


धुळे, १९ नोव्हेंबर

चि. रुपचंद,

चार दिवसांचे चौदा झाले, याची मला जाणीव आहे.

बोलले नाही असे नव्हे. दुसऱ्याच दिवशी सकाळी ताडपत्रीवर जाऊन मी तिला स्पष्ट सांगितले, "वृषाली, मी तुला न्यायला आले आहे."

"माहीत आहे, आत्या. आईचा फोन आला होता. जरा हा काठ धर ना."

मी काठ धरला. पॅराशूटची घडी घालताना कापडाचा एकेक पदर सारखा करून, आतली हवा अंगाच्या वजनाने दाबून काढावी लागते. काठ सोडला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे मी तो सोडू शकले नाही. घडी संपेपर्यंत विमान परतले, विमान परतताच ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता मला शेडमध्ये काठ धरण्याच्या कामावरच नेमले आहे असे सगळे समजून चालतात. नवीन नावाचा येथला मुख्य प्रशिक्षक सैन्यातून निवृत्त झालेला आहे आणि त्याचा आवाज अजून निवृत्त झालेला नाही. तो परवा सर्वांसमोर ओरडला, "अक्का जिथं बसल्यात तिथं चपला घालून कुणी येणार नाही!" महाविद्यालयात पाली शिकवताना माझ्या तासाला एवढी शिस्त कधी नव्हती.

येथली एक रीत तुला सांगितली पाहिजे. ज्याच्या हातून कुठलीही गोष्ट आयुष्यात प्रथम घडते, मग ती पहिली उडी असो, पहिले चित्रण असो की पहिल्यांदा दोन पायांवर उतरणे असो, त्याने त्या संध्याकाळी सर्वांना बिअर पाजायची. जगभर हीच रीत आहे म्हणतात. वृषालीने आल्या दिवशीच सांगून टाकले की पंचशील घेतलेल्या घरातली मी, मद्य पिणार नाही आणि पाजणारही नाही. मग दंड कसला? तर केळी. सावद्याच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची बाग आहे. हिलाल तिकडून घड आणतो. आता येथे कुणाच्याही हातून काही प्रथम घडले की बाकीचे "केळी! केळी!" म्हणून ओरडतात. बिअर मागे पडली. बंगळुरूच्या एका दाढीवाल्या तरुणाने मला विचारले, "अक्का, ये केला वाला नियम किसने बनाया?" मी म्हटले, तो फार जुना आहे.

आता अवघड भाग. तिला विंगसूट शिकायचा आहे. म्हणजे असा पोशाख, ज्यात हात आणि धड यांच्यामध्ये व दोन पायांच्या मध्ये कापड असते; हवा भरून ते ताठ होते आणि माणूस सरळ खाली न पडता पुढे तरंगत जातो. शेवटी पॅराशूट उघडूनच उतरायचे. दोनशे उड्या झाल्याखेरीज तो अंगाला लावू देत नाहीत. तिच्या केव्हाच झाल्या आहेत. पुढे विंगसूटवाल्यांच्या सोबत उडून त्यांचे चित्रण करणारी व्हायचे, हा तिचा बेत.

मी तिला जुन्या कथेची आठवण दिली. चंदनाचे पात्र मिळवण्यासाठी लोकांसमोर आकाशात उडालेल्या भिक्षूला शास्त्यांनी, भगवान बुद्धांनी, कशी समज दिली, ते सांगितले. ऋद्धीचे, म्हणजे अलौकिक शक्तीचे, प्रदर्शन निषिद्ध आहे, असे बजावले.

ती म्हणाली, "पण आत्या, मी कुठे प्रदर्शन करते? मी दुसऱ्यांचं करते. मी कधीच चित्रात नसते."

यावर उत्तर शोधते आहे. मिळाले की निघू.

तुझी अक्का


धुळे, मार्गशीर्ष पौर्णिमा, ४ डिसेंबर

चि. रुपचंद,

तुझे पाकीट पोचले. आत पत्र नाही, केवळ परित्राणपाठाचा, रक्षणासाठी बांधायचा पांढरा धागा. दुसऱ्या दिवशी शिल्पाचा फोन आला. म्हणाली, "वृषालीचा हात वर गेल्यावर पहिल्यांदा जिथे जातो तिथे बांधायला सांगितलंय." कोणी सांगितले ते तिने सांगितले नाही. मी विचारलेही नाही. पाकिटावरचे अक्षर मी तुझ्या पाटीवर पाहिलेले आहे.

रुपचंद, ज्याने आयुष्यभर धागेदोरे म्हणजे अंधश्रद्धा असे मला सुनावले, ज्याने माझ्या मनगटावरचा धागा पाहून चारचौघांत "तू पाली शिकलीस की भटजीपण?" असे विचारले, तो माणूस विहारात शेवटच्या रांगेत मांडी घालून संपूर्ण पाठ होईपर्यंत बसला होता, हे शिल्पाने मला सांगितले. मी तुला चिडवणार नाही. एवढेच चिडवते.

आता पुढचे शांतपणे वाच. प्रथम लिहिते की वृषाली सुखरूप आहे, माझ्यासमोर बसून केस विंचरते आहे.

मी तिला सहज विचारले, "वर गेल्यावर तुझा हात सगळ्यांत आधी कुठे जातो गं?" तिने पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी, उजव्या बाजूला असलेली एक छोटी मूठ दाखवली. योग्य उंचीवर ती ओढून हवेत फेकायची. तिच्याबरोबर एक लहानसे छत्र बाहेर पडते आणि ते मोठ्या पॅराशूटला ओढून काढते. तुझा निरोप आणि ती मूठ यांची सांगड मी लगेच घातली. दुपारी ती जेवायला गेली असता खुंटीवरची पिशवी मांडीवर घेतली, त्रिशरण म्हणत मुठीभोवती धागा तीनदा गुंडाळला आणि सुटू नये म्हणून उरलेला धागा शेजारच्या पट्ट्याला तीन गाठी मारून पक्का केला. मनगटावर बांधतो तसाच. माझ्या गाठी कशा असतात ते तुला ठाऊक आहे. आईच्या पापडाच्या डब्याची दोरी तू कधी सोडवू शकला नाहीस.

विमानात चढण्यापूर्वी प्रत्येकाची पिशवी दुसरा कुणीतरी तपासतो. वृषालीची नवीनने तपासली. तो थांबला. शेडमध्ये एकदम सगळे थांबले.

"हे काय आहे?"

वृषालीने मान वळवून पाहिले, मग लांबवर माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "माझी चूक, सर. अंगावर चढवताना मी बघितलं नाही."

"उतरव. आज तुझी उडी नाही."

ती पिशवी काढू लागली. ती माझी चूक अंगावर घेते आहे, हे मला तेव्हा कळले. मी ताडपत्रीवरून उठून चालत गेले आणि सर्वांच्या देखत म्हणाले, "तो धागा मी बांधला."

नवीन माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. तो म्हणाला, "अक्का, तिनं ओढलं असतं आणि मूठ आलीच नसती. राखीव पॅराशूट असतं, ते उघडलं असतं. पण राखीवाच्या भरवशावर आपण कुणाला वर पाठवत नाही." मग कात्री आणायला सांगून त्याने ती माझ्या हातात दिली. मी एकेक गाठ कापली. "यापुढे धागा माणसाला बांधा, सामानाला नको," एवढेच तो म्हणाला आणि पुढच्याची पिशवी तपासायला वळला.

अप्रमाद हा शब्द मी वर्गात किती वेळा समजावून सांगितला असेन! सतत जागे राहणे, दुसऱ्याच्या जिवासाठी आपले डोळे उघडे ठेवणे. त्या क्षणी माझ्या भक्तीचे डोळे मिटलेले होते आणि नवीनचे उघडे होते. या गोष्टीने मला जितके लाजवले त्याहून अधिक धीर दिला. तुझी लेक अशा माणसांत आहे जे तिच्या आत्याचा आशीर्वादसुद्धा तपासल्याशिवाय वर जाऊ देत नाहीत.

ती ताडपत्रीवर माझ्याशेजारी येऊन बसली. मी वाट पाहत होते की आता रागावेल.

"आत्या, तू परित्राणपाठाला कधी गेलीस? इथे तर विहार लांब आहे."

मी पाकीट तिच्या हातात दिले. तिने पत्ता वाचला. पुन्हा वाचला.

"पप्पांनी? धागा?"

"हो."

"पप्पांनी?" आणि ती हसू लागली. पोट धरून हसली, ताडपत्रीवर आडवी होऊन हसली, आणि मग हसताहसता तोंड घडी केलेल्या कापडात खुपसून बराच वेळ तशीच पडून राहिली. हिलाल पाण्याची बाटली घेऊन आला, पाहिले, आणि बाटली ठेवून परत गेला.

कापून उरलेला लांब तुकडा तिने डाव्या मनगटाला बांधून घेतला आहे. उंची दाखवणारे घड्याळ त्याच मनगटावर असते. धागा त्याच्या खाली, हातमोज्याच्या आत. नवीनने ओढून पाहिला, म्हणाला, "चालेल."

तिच्याशी जाण्याविषयी आज बोलणे योग्य वाटले नाही.

तुझी अक्का


धुळे, २८ डिसेंबर

चि. रुपचंद,

तुझे कार्ड मिळाले. "धागा शिल्पाने पाठवला होता." एक ओळ, सही नाही. शिल्पाच्या हाताला तुझे अक्षर केव्हापासून लागले, एवढे तिला विचार.

आज वृषालीची विंगसूटची पहिली उडी झाली. पहिल्या काही उड्यांना कॅमेरा लावू देत नाहीत. डोक्यावर काही नको, केवळ उडण्याकडे लक्ष हवे, असा नियम आहे. म्हणून या उडीचे चित्र नाही. जे आहे ते मी लिहिते.

विमान वर चढते तेव्हा आधी कपाशीची शेते दिसेनाशी होतात, मग विहिरी, मग पांझरा बारीक होत जाते आणि दक्षिणेला लळिंगचा डोंगर असा बसका होतो की त्याच्यावर किल्ला आहे हे सांगावे लागते. दार उघडले की वारा आत येतो आणि कुणाचे बोलणे कुणाला ऐकू येत नाही. ती दाराशी गेली. विंगसूटमध्ये माणूस चालत नाही, पाय बांधलेल्या वासरासारखा उड्या घेतो. मला हसू आले. तिने मागे वळून पाहिले, दोन बोटे कपाळाला लावली, आणि दारात कुणी नव्हते.

मग ती मला खाली, डाव्या हाताला दिसली. पडत नव्हती. हात पसरून ती विमानाच्या सावलीच्याही पुढे निघाली होती. पाखराला कुठे जायचे तर पंखांखेरीज दुसरे ओझे नसते, त्याप्रमाणे भिक्षूने चीवर आणि पात्र एवढ्यानिशी निघावे, असे सुत्तांत म्हटले आहे. ही उपमा मी अनेकदा शिकवली. पाखराला वरून पाहण्याचा योग मात्र आज आला.

आता तू विचारशील, दारातले मला कसे दिसले. विचार. गेल्या पत्रांत मी खोटे काही लिहिलेले नाही. सांगितले नाही इतकेच. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नवीन मला वैमानिकाशेजारी बसवून वर नेतो. पाठीवर पॅराशूट असते, कमरेला पट्टा असतो, पांढऱ्या लुगड्याचा पदर खोचून घट्ट बांधावा लागतो. पहिल्या फेरीनंतर मी उतरले तेव्हा सगळी शेड ओरडली, "केळी!" मी तीन घड दिले.

मी उडी मारणार नाही. काळजी करू नकोस. वयाचे भान मला आहे, आणि नवीनला माझ्याहून अधिक आहे.

ती उतरली तेव्हा गुडघ्यावर आपटली, थोडे खरचटले. धावत आली आणि मला म्हणाली, "आत्या, पप्पांना सांगशील?" मी म्हटले, तू सांग. ती म्हणाली, "ते फोन उचलत नाहीत." मी म्हटले, माझाही उचलत नाही. मग आम्ही दोघींनी ताडपत्रीवर बसून शेंगदाणे खाल्ले.

माघ पौर्णिमा १ फेब्रुवारीला आहे. मला आठवण आहे.

तुझी अक्का


धुळे, २ फेब्रुवारी २०२६

चि. रुपचंद,

काल माघ पौर्णिमा होती, तसाच तो वृषालीच्या कामाचाही मोठा दिवस होता. विंगसूट आणि कॅमेरा दोन्ही घेऊन ती प्रथमच वर जाणार होती. मी तिला आदल्या दिवशी तुला दिलेल्या वचनाविषयी सांगितले. प्रथमच, पूर्णपणे, काठ न धरता. ती ऐकत राहिली. म्हणाली, "आत्या, तू खोटी पडू नयेस म्हणून उद्या उडी झाली की लगेच मी तुझ्याबरोबर नागपूरला येईन. दारात उभी राहीन. मग परत येईन." मी म्हटले, तसे चालणार नाही, त्याला तू घरी हवी आहेस, दारात नको. ती म्हणाली, "मग तूच सांग, मी काय करू?" रात्र मला जड गेली. एका बाजूला माझे वचन, दुसऱ्या बाजूला पंख लावून उभी असलेली मुलगी. मी ठरवले की तिची उडी होऊ द्यावी आणि उतरल्यावर तिला सामान भरायला सांगावे.

सकाळी सर्व विधी आटोपून मी शेडमध्ये बसले. वर गेले नाही. त्या दिवशी उपोसथ होता आणि मनही थाऱ्यावर नव्हते. तिच्यापुढे विंगसूटमधले दोघे होते, तिने त्यांच्या सोबत राहायचे. चित्र घेण्याच्या नादात ती ठरलेल्या जागेपेक्षा फार पुढे वाहत गेली आणि पॅराशूट उघडले ते पार उत्तरेच्या कुंपणावर. माळावर उतरली खरी, पण कापड वाऱ्याने फुगून कुंपणाजवळच्या बाभळीत जाऊन अडकले. शेडमधून आम्हाला एवढेच दिसले की ती उभी आहे. हिलाल टेम्पो घेऊन तिला आणायला गेला.

तो परत आला आणि मला म्हणाला, "अक्का, कुंपनजोडे एक मानूस हुभा व्हता. सकायपासून. मी चहा इचारा, तर नही म्हणना. बठ्ठा लोक आभायकडे दखत व्हतात, तो एकलाच दखे तुमनी पोरकडे."

"कसा होता?"

"मफलर तोंडले. डोयाच दिसेत."

संध्याकाळी नेहमीप्रमाणे सर्वांनी मिळून दिवसभराचे चित्रण पाहिले. भिंतीला पांढरी चादर लावून त्यावर पाहतात. विंगसूटवाले दोघे सुरेख आले होते. नवीनने दोनदा "वा" म्हटले, जे तो वर्षातून एकदा म्हणतो. उतरल्यावर कॅमेरा बंद करायचा असतो. ती विसरली होती. चित्रण चालूच राहिले.

पडद्यावर जमीन आली, तिचे बूट आले, मग बाभूळ. कापड काट्यांत अडकलेले. आणि कुंपणाच्या तारेखालून वाकून आत आलेला एक माणूस, तोंडाला करडा मफलर गुंडाळलेला, काहीही न बोलता तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

वृषालीचा आवाज आला, "काका, ओढू नका हं. ओढलं तर फाटतं."

त्या माणसाने मान हलवली. मग त्याने एकेक काटा बाजूला करून कापड सोडवायला सुरुवात केली. फार वेळ लागला. बोटाला काटा रुतला तेव्हा त्याने बोट क्षणभर तोंडात धरले, मफलरवरूनच, आणि पुन्हा कामाला लागला. सगळे सुटल्यावर त्याने ते कापड नीट गोळा केले, जमिनीला लागू न देता दोन्ही हातांवर घेतले आणि तिच्या हातांत दिले. मग तारेखालून वाकून निघून गेला.

"हे काका कोण?" नवीनने विचारले.

"मदतीला आले होते," वृषाली म्हणाली. खोटे काही बोलली नाही. भाची माझी आहे.

आम्ही दोघी कपबश्या विसळत असताना मी तिला विचारले, "तू ओळखलंस?"

"आत्या, त्यांनी मफलर बांधला होता, पण स्वेटर तोच होता. मोरपंखी. आईनं विणलेला, एक बाही दुसरीपेक्षा लांब. तसा दुसरा स्वेटर अख्ख्या महाराष्ट्रात नाही."

"मग काका का म्हणालीस?"

ती कप पुसत राहिली. "त्यांनी तोंड झाकलं होतं ना. ते झाकून आले, तर मी कशाला उघडू? बोलले असते तर पप्पा म्हटलं असतं."

रुपचंद, रात्रभर प्रवास करून तू तिला न्यायला आला होतास, हे मला समजते. वचनाची तारीख तुझ्याही लक्षात होती. तुझी लेक तुझ्यापासून हाताच्या अंतरावर उभी होती. तिचे पॅराशूट काट्यांत होते. ते तसेच राहू दिले असतेस, जोराने ओढून फाडले असतेस, तर निदान काही दिवस ती वर गेली नसती. तू भर उन्हात उभा राहून ते शाबूत सोडवलेस आणि तिच्याच हातांत दिलेस. ज्याला मुलीला अडवायचे असते तो असे करीत नाही. मी रात्री तेवढा भाग तीनदा लावायला सांगून पाहिला. तुझे बोलणे मी आजवर पुष्कळ ऐकले. तुझे मत मला काल समजले.

म्हणून मी तिला सामान भरायला सांगितले नाही. तुला दिलेल्या वचनातून तू मला मोकळी केलीस असे मी धरून चालते. माझे धरणे चुकीचे असेल तर तसे येऊन सांग. कार्डावर लिहू नकोस, तुझ्या कार्डावर माझा विश्वास उरलेला नाही.

बोटातला काटा निघाला का? नसेल तर शिल्पाला सुई गरम करून काढायला सांग, आणि का रुतला तेही तिला सांग. ती बिचारी नागपूरला समजून बसली आहे की तू भुसावळला जुन्या मित्राच्या घरी गेला होतास.

वृषालीने ते चित्रण पुसलेले नाही. नवीनने विचारले, शेवटचा भाग कापायचा का. ती म्हणाली, "राहू द्या." इतकी वर्षे माणसांची चित्रे घेणाऱ्या या मुलीजवळ तिच्या बापाचे हलते चित्र नव्हते. आता आहे, जरी त्यात नाक दिसत नसले तरी.

येत्या रविवारी वारा मंद असेल असे नवीन म्हणतो. ती सकाळी दोनदा वर जाणार आहे. फाटक पूर्वेला आहे, रस्त्याच्या बाजूने. तारेखालून यायची आवश्यकता नाही, आपल्या वयाला ते शोभतही नाही. हिलालला मी सांगून ठेवले आहे. तो चहा विचारेल. या वेळी हो म्हण.

तुझी अक्का